समुद्राला वाढलेली पंगत

आमच्या वहिनींनी पहाटे चारपासून राबून रांधलेलं चाळीस माणसांचं जेवण एका शनिवारी अरबी समुद्राने खाल्लं, आणि त्याला आमंत्रण मी दिलं होतं.

समुद्राला मी दोष देत नाही. तो वेळेवर आला, बोलावल्या जागी आला आणि पानात काहीही न टाकता गेला. चूक माझी होती. हे तीन शब्द लिहायला आज मला अर्धं मिनिट लागलं. त्या वेळी अकरा दिवस लागले होते!

रोह्याच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखान्याने आम्हाला घरी पाठवलं तेव्हा मी दिवेआगरला येऊन घरामागच्या नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. पाहुण्यांचं सगळं माझी बायको सुनीता बघते. मी पाहुण्यांना माहिती देतो. (त्यांनी विचारलेली नसली तरी.) कुंपणापलीकडे वहिनींचं घर. दादा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. घर, वाडी, व्यवहार सगळं वहिनींच्या अंगावर. वादळात त्यांच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी हातात यायला सात-आठ वर्षं जातात, तोवर झाडाकडे बघून पोट भरत नाही. म्हणून वहिनींनी खानावळ काढली. त्यांच्या हातचे मोदक खाऊन माणसं गप्प होतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पण दारावरची पाटी इतकी लहान होती की ती वाचायला गिऱ्हाइकाला आधी ओटीवर यावं लागे, आणि ओटीवर आलेल्या माणसाला पाटीची गरज काय?

अशा वेळी मी अलिबागला लहान धंदेवाल्यांच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं, ‘‘एकमेकांशी स्पर्धा करू नका, एकमेकांची जाहिरात करा.’’ मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. घरी येऊन सुनीताला वही दाखवली. ती म्हणाली, ‘‘तुम्ही रेघा मारल्यात? मग आता काहीतरी होणार.’’

दुसऱ्याच दिवशी माझ्या ओटीवर सभा भरवली. मी, वहिनी, रफीक आणि धर्माकाका. रफीक माझा शाळेपासूनचा दोस्त. काही वर्षं कुवेतला काढून आला आणि बोर्ली पंचतनला बापाची बेकरी चालवायला लागला. धर्माकाकांची बैलगाडी, पाहुण्यांना किनाऱ्यावर फिरवणारी.

‘‘सोपं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘रफीक, तुझ्याकडे येईल त्याला तू सांगायचं, जेवायला वहिनींकडे जा. वहिनी सांगणार, राहायला मनोहरकडे. मी सांगणार, फिरायला धर्माकाकांची गाडी. आणि धर्माकाका सांगणार, नानखटाई खावी तर रफीककडची!’’

रफीकने हनुवटी खाजवली. ‘‘सगळं दुरुस्त हाय, मन्या. पण ह्या गोल फेऱ्यात गिऱ्हाईक थांबणार कुठं?’’

शंका रास्त होती. पहिल्याच आठवड्यात ठाण्याचं एक जोडपं सकाळी रफीककडे आलं. त्याने त्यांना जेवायला वहिनींकडे धाडलं. वहिनींकडे जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं, म्हणून त्यांनी ‘भावजींकडे टेका जरा’ म्हणत माझ्याकडे धाडलं. माझ्या खोल्या भरलेल्या, म्हणून मी त्यांना मोठ्या अगत्याने बैलगाडीत बसवलं. धर्माकाकांनी इमानाने त्यांना पाच किलोमीटर हलवत हलवत नेऊन पुन्हा बेकरीच्या दारात उतरवलं. रफीकने चेहरा न बघताच सुरुवात केली, ‘‘आवो साहेब! जेवायला दिवेआगरला वहिनींकडे जा!’’ त्या गृहस्थांनी एक पाव उचलला आणि उभ्या उभ्या कोरडा खाल्ला.

पण नंतर बस्तान बसलं. आणि त्यातूनच पुण्याच्या लिमयेबाईंचा फोन आला. या बाई बायकांच्या सहली काढतात. म्हणाल्या, ‘‘चाळीस जणी आणते. जेवण आवडलं तर मेपर्यंत दर शनिवारी एक गट तुमच्याकडेच.’’

फोन ठेवला तेव्हा वहिनी समोरच होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, ‘‘दर शनिवारी?’’ आणि मग पदराने उगाच कोरडेच हात पुसले. दादाच्या पगारावर मुलीचं लग्न झालं होतं. वाडी मात्र वहिनींना स्वतःच उभी करायची होती, स्वतःच्या चुलीवर. हे शनिवार मिळाले असते तर वाडीत नवी रोपं लागली असती. एवढं सगळं त्या चाळीस पानांवर होतं, आणि मला ते ठाऊक होतं. म्हणून तर आज लाज वाटते.

‘‘पंगत माझ्या अंगणात घालू,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘अंगणात कोणीही जेवतं, वहिनी! समुद्रावर घालू. वाळूत मंडप, केळीची पानं, समोर लाटा. बायका फोटो काढतील, फोटो पुण्यात फिरतील, आपल्या चौघांची जाहिरात!’’

‘‘मग निदान सुरूच्या झाडांखाली घाला, वर.’’

‘‘तिथून लाटांचा आवाज येतो, लाटा दिसत नाहीत.’’

‘‘पण भावजी, पाणी?’’

या प्रश्नाचीच मी वाट बघत होतो. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. मी बोटांवर मोजून दाखवलं. ‘‘शनिवारी पौष शुद्ध अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीला पाण्याला जोर नसतो. मंडपाच्या आसपास थेंब येणार नाही!’’

गणित अचूक होतं. मी कोरड्या वाळूच्या कडेला बांबूसाठी खड्डेही खणून घेतले. आणि बुधवारी वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, शनिवारी लेकीचे सासू-सासरे यायचे आहेत. लग्नानंतर पहिल्यांदाच. लिमयेबाईंना विचारता का, आठवड्याने चालेल का?’’

लिमयेबाईंना चाललं. मला तर काय, चाललंच! वार तोच, वेळ तीच, खड्डे तेच. सगळं फक्त सात दिवस पुढे सरकवायचं. स्टोअरमध्ये माल असाच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर सरकवत मी आयुष्य काढलं होतं.

‘‘त्या दिवशी पौर्णिमा येते,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘उत्तम! पूर्ण तिथी!’’ मी म्हणालो.

वाचकहो, पंधराचे पाऊणपट किती, हे मी तेव्हा केलं नाही. तुम्हीही करू नका, उगाच घास अडकेल.

त्या शनिवारी सकाळी सातला आम्ही मंडप उभा केला तेव्हा समुद्र इतका लांब होता की ओरडून बोलावला तरी आला नसता. वहिनींनी काजूची उसळ, वालाचं बिरडं, अळूवडी, भात, आमटी, मोठा हंडा भरून सोलकढी आणि दोनशे मोदक केले होते. रफीक पहाटेच्या भट्टीतली नानखटाई पत्र्याच्या डब्यांतून घेऊन आला. मंडपाला चौघांच्या नावांची लांबलचक पाटी लावली. धर्माकाकांच्या बैलांच्या पाठीवर झुली, झुलींवर वहिनींच्या खानावळीचं नाव. वहिनींनी ते वाचलं आणि बैलाच्या मानेवरून हात फिरवला. ‘‘माझी पाटी याच्यापेक्षा लहान आहे,’’ म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना तशा मोकळ्या हसताना वादळानंतर मी पहिल्यांदाच बघितलं.

नऊच्या सुमाराला धर्माकाका माझ्याजवळ आले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, ‘‘भाऊ, आज उधाण हाय.’’

‘‘काका, मी गणित केलंय.’’

‘‘न्हाय, पन उधाण हाय.’’

‘‘काका, गणितात उधाणही धरलेलं असतं.’’

‘‘मंग ऱ्हायलं,’’ म्हणून ते बैलांना घेऊन पाहुण्यांना आणायला गेले. त्या दिवशी गाडी मात्र त्यांनी मंडपापासून बरीच वर, सुरूच्या झाडाजवळ उभी केली. हे मी बघितलं आणि मनात म्हटलं, अडाणी माणूस!

साडेदहाला समुद्र जरा जवळ वाटला. मी रफीकला म्हणालो, ‘‘उन्हामुळे जवळ दिसतो.’’ रफीक म्हणाला, ‘‘कुवेतला उन्हात पाणी दिसायचं, पण त्यानं पाय भिजायचे नाहीत.’’ मी खाली बघितलं. त्याचे पाय भिजले होते.

पण तेवढ्यात बायका आल्या. ‘अय्या किती सुंदर’च्या गजरात चाळीस जणी दोन रांगांत बसल्या. पुण्याहून पहाटे निघालेल्या, भुकेल्या. बारापर्यंत थांबायला तयार नव्हत्या. पानं वाढली. सव्वाअकराला मी हात जोडून म्हणालो, ‘‘सावकाश होऊ द्या!’’

पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा.

पहिली लाट पानांना नुसती हात लावून गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, ‘‘किती छान कल्पना!’’ मी मान झुकवून श्रेय घेतलं. दुसऱ्या लाटेने पहिल्या रांगेतली वीस पानं उचलली आणि ती ओळीने, शिस्तीत, आमटीभातासकट परत निघाली. ‘‘घाबरू नका, ही शेवटचीच लाट!’’ मी ओरडलो. तिसऱ्या लाटेने दुसरी रांग उठवली. ‘‘आता ही खरंच शेवटची!’’ चौथ्या लाटेने मला बसवलं.

मग सगळं एकदमच झालं. सोलकढीचा हंडा कलंडला आणि आसपासचा समुद्र गुलाबी झाला. रफीक दोन डबे डोक्यावर घेऊन ‘‘या अल्ला! या अल्ला!’’ करत सुरूच्या झाडांकडे पळाला. तिसऱ्या डब्यातल्या नानखटाईचा त्याच्यामागे चिखल होत होता. बायका चपला, पर्सा आणि एकमेकींना शोधत होत्या. एक आजी तेवढ्या सगळ्यात अळूवडी हातात धरून, ‘‘फार सुरेख झालीय हो!’’ म्हणत चालल्या होत्या. धर्माकाकांचे बैल वरून शांतपणे बघत होते.

आणि वहिनी? वहिनी गुडघाभर पाण्यात मोदकांची मोठी चाळण डोक्यावर धरून उभ्या होत्या. बाकी गेलं तरी मोदक वाचवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्या वाचवणारही होत्या. पण मला माझं कर्तव्य आठवलं! ‘‘वहिनी, मी आलो!’’ म्हणत मी धावलो, मंडपाच्या दोरीत पाय अडकला, आणि आख्खा मंडप चौघांच्या पाटीसकट वहिनींवर आणला.

दोनशे मोदक. उकडीचे मोदक पाण्यात तरंगत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

वर झाडांखाली सगळे जमले. लिमयेबाईंची साडी पोटरीपर्यंत ओली. त्या शांत होत्या, पण ती पुण्याची शांतता होती.

‘‘तुम्ही इथलेच ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग भरती कधी येते, हे तुम्हाला माहीत नाही?’’

चाळीस जणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, ‘‘त्याचं काय आहे, पौष महिना...’’

‘‘पौषात समुद्र जास्त येतो?’’

‘‘तसं नाही, आज पौर्णिमा...’’

‘‘ती कॅलेंडरात छापलेली असते!’’

आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. ‘‘मी अष्टमीच धरली होती हो. आमच्या वहिनींनी आयत्या वेळी तारीख बदलायला लावली.’’

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं हलकट होतं.

चाळीस माना माझ्यावरून वहिनींकडे वळल्या. वहिनी कमरेपर्यंत भिजलेल्या, केसांत वाळू, हातात रिकामी चाळण. त्यांनी वाळूत पडलेला झारा उचलला आणि सुनीताला म्हणाल्या, ‘‘चल, यांच्या पोटात काहीतरी घालू आधी.’’ त्या दिवशी चाळीस जणी माझ्या ओटीवर रफीकचे पाव आणि घाईघाईने केलेली बटाट्याची भाजी खाऊन पुण्याला गेल्या. जाताना लिमयेबाई म्हणाल्या, ‘‘पुढचं कळवते.’’ हे शब्द धंद्यात कशासाठी वापरतात, ते मला शिबिराशिवायही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या दारावरची लहान पाटी नव्हती. माझ्या पाहुण्यांनी जेवणाचं विचारलं, तर त्या गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘खानावळ बंद केली. ज्यांना तारखा सांभाळता येत नाहीत, त्यांनी हा धंदा करू नये.’’

सुनीताने मला आठवडाभर फक्त तीन वाक्यं ऐकवली. जेवायला या. बाजूला व्हा. आणि, आज तरी जाणार आहात का? मी गेलो नाही. मी वहिनींकडे नारळ पाठवले. ते परत आले. त्यांच्या विहिरीचा पंप न सांगता दुरुस्त करायला घेतला. तो आधी चालू होता, नंतर बंद पडला. बोटीवरून दादाचा फोन आला. दादा कमी बोलतो. म्हणाला, ‘‘मनोहर, वीस वर्षं मी समुद्रावर जेवतोय. त्याने माझं एक ताटही नेलं नाही.’’ आणि फोन ठेवला.

शेवटी रफीककडे गेलो. म्हटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. त्याने चहा दिला, समोर बसला.

‘‘रफीक, भरतीचा हिशेब कोणाचाही चुकू शकतो.’’

‘‘चुकू शकतो.’’

‘‘मग?’’

‘‘मन्या, पाणी आलं तो तुझा गुन्हा न्हाय. आम्ही सगळे तिथं उभे होतो, धर्माकाका सोडून कोणाच्याच ध्यानात आलं न्हाय. पण आपण एकमेकांची तारीफ करायची म्हणून धंद्यात एकत्र आलो ना? आणि पहिली अडचण आली तर तू बाईमाणसाचं नाव पुढं केलंस. धर्माकाकाच्या बैलानं सुद्धा वहिनींचं नाव पाठीवर घेतलं होतं, तोंडात न्हाय.’’

चहा संपेपर्यंत मला वर बघता आलं नाही.

त्याच दुपारी मागच्या दाराने वहिनींकडे गेलो. त्या वाल सोलत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

‘‘वहिनी, माझं चुकलं.’’

‘‘काय चुकलं?’’

‘‘भरतीचं गणित.’’

‘‘ते नाही विचारलं.’’

‘‘तुमच्यावर ढकललं.’’

‘‘कोणासमोर?’’

‘‘चाळीस जणींसमोर.’’

‘‘मग इथे चुलीपाशी मला एकटीला सांगून कसं चालेल, भावजी?’’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. ‘‘जेवण गेलं त्याचं मला काही नाही. वादळात झाडं गेली, तेव्हा रडून उठलेच ना. पण त्या बायका घरी जाऊन काय सांगतील? दिवेआगरला एक बाई आहे, तिच्या हलगर्जीपणाने आमची सहल बुडाली. जिथे बोललात तिथे मागा.’’

मी तिथूनच लिमयेबाईंना फोन लावला. फोनचा स्पीकर आपोआप चालू झाला. (झाला नाही. वहिनींनी केला.) तिथीपासून पंपापर्यंत सगळं सांगितलं, आणि बायकांसमोर वहिनींची माफी मागतो म्हणालो. बाई म्हणाल्या, ‘‘तुमच्या वहिनी त्या दिवशी भिजलेल्या अंगाने आम्हाला पाव वाढत होत्या, आणि तुम्ही खुर्चीवर बसला होतात. चूक कोणाची, ते आम्हाला तेव्हाच समजलं होतं. वहिनी रांधणार असतील तर येते. अंगणात!’’

पुढच्या महिन्यात बाई नवा गट घेऊन आल्या. जुन्यांपैकी दहा-बारा जणी मुद्दाम आल्या होत्या. जेवायला नव्हे, माफी बघायला! वहिनींच्या अंगणात पंगत बसली, मोदक वाढले गेले, माणसं नेहमीप्रमाणे गप्प झाली. तेवढीच संधी साधून मी उभा राहिलो. रात्रभर पाठ केलेलं भाषण विसरलो, आणि जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

‘‘मी मनोहर. त्या दिवशी भरती मी विसरलो. तारीख वहिनींनी माझ्या होकाराने बदलली होती. पुन्हा हिशेब करायचं काम माझं होतं. पौर्णिमा आहे, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. मला तुमची भीती वाटली म्हणून मी त्यांचं नाव घेतलं. मला माफ करा, वहिनी.’’

सुनीताने डोळ्याला पदर लावला. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींचा आवाज आला.

‘‘भावजी, मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.’’

मी पुन्हा मागितली, मोठ्याने. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. लिमयेबाई हात धुवायला उठल्या, माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘फार छान कार्यक्रम आहे. हा प्रत्येक गटाला ठेवा.’’

आतापर्यंत सात शनिवार झाले. वहिनींच्या वाडीत रोपं लागली आहेत, आणि जेवण झालं की बायका स्वतःच विचारतात, ‘‘ती माफी कधी आहे?’’ मी उभा राहतो, मनापासून मागतो. परवा वहिनी सुनीताला म्हणाल्या, ‘‘चांगली मागतात गं भावजी, पण पहिल्या दिवशीची मजा आता राहिली नाही.’’